मोह, धूर आणि सोळा वर्षं

पहाटेचे साडेचार वाजलेत. आर्वीच्या पलीकडे टेकड्यांच्या कुशीत एका मोहाच्या झाडाखाली तुम्ही उभे आहात आणि साल आहे 1892. वर्धा जिल्हा होऊन तीस वर्षं झालीत, वर्धा गाव तर त्याहूनही धाकटं. हिंगणघाटचा कापूस आगगाडीने मुंबईला जातो, पण त्या गाडीची शिट्टी इथवर पोचत नाही. इथे आवाज आहे तो फुलं पडण्याचा. टप. थोडं थांबून पुन्हा टप, टप. प्राजक्त पडतो तेव्हा कळतही नाही. मोहाचं फूल मात्र जाड, रसाने भरलेलं, करवंदाएवढं. ते जमिनीला लागलं की ऐकू येतं.

कंदिलाचा उजेड हलतो. टोपली घेतलेली एक बाई तुमच्याकडे बघून म्हणते, "दादा, पाय जपून टाका जी. फुलं चेंगरतीन."

तुम्ही खाली बघता. झाडाखालची जमीन काळी आहे. चार दिवसांपूर्वी तिने इथला पाचोळा जाळला, फूल पडलं की लगेच दिसावं म्हणून. त्या राखेवर पिवळसर पांढरी फुलं पडलीत. तुम्ही वाकता आणि नाकात दोन वास एकदम शिरतात: जळक्या पानांचा कडवट धूर आणि त्यावर जड, ओलसर गोडवा. हे दोन वास वेगळे करून बघा. मग एकत्र घ्या. याच्यासाठीच तुम्हाला इथवर आणलं आहे.

सव्वाशेहून जास्त वर्षं पुढे गेल्यावर तुमच्यापुढे पाच पेले मांडले जाणार आहेत. पाचही स्कॉच व्हिस्की, पाचही धुरकट, पाचही शेरीच्या पिंपाची चव घेतलेल्या. त्यांतली कुठली सरस ते तुम्हाला ठरवायचं आहे. वर्ध्याच्या माणसाला यातलं काय कळणार, असं कुणी म्हणेल. जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी, पेला दिसायचीही मारामार. मी उलटं म्हणतो. धूर आणि सुकलेल्या फळाचा गोडवा, या दोन चवींवरच ही सगळी व्हिस्की उभी आहे, आणि या दोन्ही चवी वर्ध्याच्या नाकाला लहानपणापासून ठाऊक आहेत. राखेतला रोडगा खाल्लेल्या माणसाला धूर शिकवावा लागत नाही.

ती बाई एक फूल तुमच्या तळहातावर ठेवते. "टाका तोंडात."

दाताखाली ते फुटतं. आधी उसाच्या रसासारखा गोड, मग जरा उग्र, घशाशी किंचित खवखवणारा रस. हे ताजं फूल. आता तिच्या मागे वाडीत चला. अंगणात पसरलेली तीन-चार दिवसांची फुलं बघा. एप्रिलच्या उन्हाने ती आक्रसून तांबूस तपकिरी झालीत, मनुकांसारखी. एक चावा. आता रस नाही, चिवट गर आहे. खारीक, काकवी, मागून जराशी चिंच. हेच फूल मडक्यात भरून ठेवलं तर वर्षभर पुरतं. ती ते शिजवून खाते, लाटा करते, ज्वारीत मिसळते. आठ वर्षांनी छप्पनचा दुष्काळ पडेल तेव्हा मध्यप्रांतातल्या जंगलपट्ट्यात कितीतरी घरं या फुलांवर तगतील. मोह म्हटलं की दारू एवढंच ज्यांना आठवतं, त्यांनी हे अंगण बघायला हवं.

दारूही आहे, अर्थात. रात्री नाल्याकाठी चला. आठवडाभर पाण्यात भिजवलेल्या फुलांना फेस आलाय. हा सडवा. मडकं चुलीवर चढतं, त्यावर दुसरं, सांधे चिखलाने लिंपलेले, बांबूच्या नळीतून वाफ गार मडक्यात उतरते. सगळे हलक्या आवाजात बोलतात, कारण मोहाची भट्टी लावण्याचा हक्क सरकार लिलावाने ठेकेदाराला विकतं आणि या वाडीने तो विकत घेतलेला नाही. मोहाचं झाड आजोबांपासूनचं, फुलं स्वतः वेचलेली, गुन्हा तरीही आहेच. थेंब पडू लागतात. पहिली धार. म्हातारा बोट ओलं करून जिभेला लावतो, तुम्हीही तेवढंच करा. ठसका, मग धूर, आणि अगदी शेवटी, जीभ निवल्यावर, अंगणातली ती मनुका.

उजाडायच्या आत हे सगळं संपवावं लागेल. मडकी फोडायची, राख पसरायची, दारू पिऊन टाकायची किंवा विकून मोकळं व्हायचं. या दारूचं वय एक रात्र. ही गोष्ट खूणगाठ बांधून ठेवा.

याच 1892 सालात मुंबई इलाख्यात मोहाचा कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत चोरून भट्ट्या लागतात, तेव्हा फुलांवरच बंधन घाला, असा त्याचा रोख. तुमच्या वर्ध्याला तो लागू नाही, वर्धा मध्यप्रांतात. पण फूल घरात ठेवणं हीच शंकेची गोष्ट ठरावी, ही कल्पना त्या वर्षी कागदावर आली आणि टिकून राहिली. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहाच्या फुलाची वेगळी व्याख्या दिलेली तुम्हाला सापडेल. चिंचेची किंवा बोराची अशी व्याख्या कुठल्या कायद्याला करावी लागली नाही.

आता उत्तरेला चला. वर्ध्याहून मुंबई, मुंबईहून बोट, सुएझच्या कालव्यातून. मे महिना लागलाय. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट. झाड जवळजवळ नाहीच, वारा सतत, समोर खारा समुद्र. मैदानावर माणसं लांब, अरुंद फावड्यांनी जमीन कापताहेत. लोण्यासारखी कापली जाते ती, काळी, ओली, विटेच्या आकाराची. हे पीट. शेवाळ, गवत, झुडपं पाण्यात राहून अर्धवट कुजली आणि थरावर थर बसले, त्याचं हे झालं. वर्ध्याच्या माणसाला समजायला एक शब्द पुरतो: गोवरी. गाईच्या पोटातून न गेलेली, जमिनीने स्वतः थापलेली गोवरी. तशीच उन्हावाऱ्यात वाळवायची, तशीच रचून ठेवायची, तशीच धुमसत जाळायची.

फरक एवढाच की आपली गोवरी आठ दिवसांत तयार होते. पीट वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतं. कापणाऱ्याचं फावडं दोन फूट खाली जातं तेव्हा ते नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली जात होती त्या काळातलं शेवाळ वर काढत असतं. त्या दोन फुटांकडे क्षणभर बघत उभे राहा. हे सगळं धूर करण्यासाठी.

धूर कशाला? आत या. दगडी इमारत, दारावर नाव लॅगावूलिन. भिजवून मोड आणलेलं सातू जाळीदार जमिनीवर पसरलंय आणि खालच्या भट्टीत पीट धुमसतंय. मोड वेळेवर थांबवले नाहीत तर दाण्यातली साखर कोंबच खाऊन टाकेल, म्हणून दाणा वाळवायचा. या बेटावर लाकूड नाही, तेव्हा पीट. चवीसाठी म्हणून कुणी सुरुवात केली नाही, हाताशी तेच होतं. ओल्या दाण्याला धूर चटकन चिकटतो. तुम्हाला हुरडा आठवतो ना? पौषातल्या थंडीत शेताच्या बांधावर खड्डा, त्यात गोवऱ्या, त्यात ज्वारीची हिरवी कणसं. दाण्यात ओल असते म्हणूनच हुरड्याला तो वास बसतो. कोरडी ज्वारी कितीही धुरावर धरा, तसा बसत नाही. आयलाच्या सातूचं शास्त्र तेच आहे. धुरातली फिनॉल नावाची द्रव्यं दाण्यावर किती बसली ते आज दहा लाख भागांत मोजतात: याच बेटावरच्या कारखान्यांपैकी बोमोरच्या सातूत साधारण 25, लॅगावूलिनच्या 35, आर्डबेगच्या 55. हा आकडा दाण्यातला आहे, बाटलीतला नाही. गाळताना त्यातलं बरंच मागे राहतं.

भट्टीघरात तांब्याची मोठी पात्रं आहेत आणि त्यांच्यापुढे काचेची, पितळी चौकटीची, कुलूपबंद पेटी. गाळलेली धार त्या पेटीतून वाहताना दिसते, हात लावता येत नाही. किल्ली आबकारी अधिकाऱ्याच्या कमरेला. म्हणजे इथेही सरकार धारेवर बसलेलं आहेच. पण बसण्याची तऱ्हा बघा. या खाडीच्या काठी शंभर वर्षांपूर्वी चोरट्या भट्ट्याच होत्या, तुमच्या नाल्याकाठी होती तशा. 1823 साली लंडनच्या सरकारने कायदा केला: दहा पौंड भरा, परवाना घ्या, गाळलेल्या मालावर माफक कर द्या आणि उघड्यावर गाळा. चोर म्हणून हिणवलेली माणसं दहा-पंधरा वर्षांत कारखानदार झाली. ज्या साम्राज्याने 1823 मध्ये स्कॉटिश शेतकऱ्याला दार उघडून दिलं, त्याच साम्राज्याने 1892 मध्ये ठाण्याच्या आदिवासीच्या अंगणातली फुलं मोजायला शिपाई पाठवले. दोन्ही कायद्यांचा हेतू महसूल हाच होता. एकाला मात्र भविष्य मिळालं.

पेटीपुढच्या माणसाचा हात नळावर आहे. तो पहिली धार बाजूला काढतो. ती उग्र, घातक, परत पात्रात जाणार. आपल्याकडे पहिल्या धारेची म्हणून जिचा बडेजाव, ती इथे कुणी पीत नाही. मधली धार तो ठेवतो. आणि आयलाचा माणूस त्या मधल्या धारेला इतरांपेक्षा जरा उशिरापर्यंत वाहू देतो, कारण धुराची द्रव्यं जड असतात, ती शेवटी शेवटी येतात. लवकर नळ फिरवला तर इतक्या पीटचा धूर फुकट गेला. हा अर्धा-पाऊण तास म्हणजे त्या घराण्याची सही.

पात्रातून निघालेला द्रव पाण्यासारखा स्वच्छ आहे. वास घ्या. धूर, ओलं धान्य, ठसका. नाल्याकाठच्या त्या थेंबापेक्षा फार वेगळा नाही, हे कबूल करा. त्या बांबूच्या नळीत आणि या तांब्याच्या पात्रात जे अंतर आहे ते अजून पडलेलंच नाही. ते पडायला दक्षिणेला जावं लागेल.

सप्टेंबर, स्पेन, हेरेस गाव. द्राक्षांची तोड संपत आलीय. शिंदीच्या पानांच्या असाव्यात तशा गवताच्या चटयांवर द्राक्षं उन्हात पसरलीत. आठवडाभरात ती सुरकुतून मनुका होतील, मग त्यांचा रस काढतील आणि त्यातून पेद्रो हिमेनेझ नावाची शेरी होईल, काकवीसारखी काळी आणि दाट. तुम्हाला ते आर्वीकडचं अंगण दिसतं का? मला दिसतं. तीच सुरकुती, तोच रंग, ऊन तेच. दुसरी शेरी ओलोरोसो. ती जिभेला कोरडी, पण तिचा वास गोड: अक्रोड, संत्र्याची वाळलेली साल, जुनं लाकूड. तिला वर्षानुवर्षं हवा लागू देतात, म्हणून ती गडद होते.

ही शेरी ओकच्या पाचशे लिटरच्या पिंपांत भरून इंग्लंड-स्कॉटलंडला जाते. तिथला व्यापारी ती बाटल्यांत काढतो आणि रिकामं पिंप अंगणात पडून राहतं. ते व्हिस्कीवाला स्वस्तात उचलतो. लोणच्याची बरणी रिकामी झाली, घासली, उन्हात ठेवली, तरी दोन वर्षांनी तीत साधं मीठ घातलं तर मिठाला लोणच्याचा वास लागतो. लाकूड चिनीमातीहून कितीतरी सच्छिद्र. पाचशे लिटरच्या पिंपाच्या फळ्यांत काही लिटर शेरी मुरलेली असते, ती हळूहळू परत बाहेर येते. हा योगायोगाचा व्यवहार शंभर वर्षं चालला. 1980 च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि स्वस्तातली पिंपं संपली. आज व्हिस्कीवाले नव्या पिंपांत एक-दोन वर्षं मुद्दाम शेरी भरून ठेवून ती आणतात. महागाचं काम.

पुन्हा आयला. हिवाळा. ती धुरकट धार या पिंपात ओतली जाते, बूच ठोकलं जातं आणि समुद्राच्या लाटा जिच्या भिंतीला लागतात अशा अंधाऱ्या कोठीत पिंप आडवं होतं. तुम्ही शेजारी बसा. इथे आता काही घडत नाही.

पहिलं वर्ष जातं. पाचवं जातं. उन्हाळ्यात व्हिस्की फुगून लाकडात शिरते, थंडीत आक्रसून बाहेर येते, येताना रंग आणते. दरवर्षी साधारण दोन टक्के हवेत उडतं, त्याला तिथले लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडे हा वाटा फार मोठा. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट मुरते, तिथे तो आठ टक्क्यांच्या आसपास जातो. वर्ध्याच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत काय उरलं असतं ते तुम्हीच सांगा. आठवं वर्ष. नवा धूर कापरासारखा टोचत होता, तो आता लोबानासारखा मवाळ होतो. बारावं. गोडवा धुराच्या पोटात शिरतो. सोळावं.

1916 पासून तिकडे कायदाच आहे: तीन वर्षं मुरल्याशिवाय व्हिस्की म्हणून विकायची नाही. कायद्याने वाट बघायला लावलं. मोहाला कायद्याने पहाटेच्या आत संपायला लावलं. या दोन द्रवांमधलं खरं अंतर एवढंच आहे आणि त्याला वेळ म्हणतात. फूल कमी पडलं नाही.

परतीच्या वाटेवर दोन थांबे घ्या. दोन्ही वर्ध्यातले, आणि ते वगळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही.

पहिला, मगनवाडी, 1935 चा डिसेंबर. अखिल भारत ग्रामोद्योग संघ इथे वर्षभरापूर्वी सुरू झालाय, कुमारप्पा त्याचं काम बघतात, गांधीजी अजून सेगावला राहायला गेलेले नाहीत. तांबडं फुटायच्या आधी शिंदीवरून मडकं उतरतं. आत चुन्याचा हात दिलेला, रस आंबू नये म्हणून. पेल्यात ओतलेली नीरा प्या. शहाळ्याच्या पाण्याहून गोड, उसाच्या रसाहून हलकी, थंडीने दात शिवशिवतात. आता उन्हात तासभर थांबा आणि तेच मडकं पुन्हा चाखा. किंचित आंबट. दुपारी त्याचीच शिंदी होईल, डोकं जड करणारी. इथली माणसं घड्याळाशी झुंजताहेत. रस आंबायच्या आत कढईत घालून त्याचा गूळ करायचा, म्हणजे झाडावर चढणाऱ्याचा धंदाही बुडत नाही आणि त्याच्या घरात दारूही शिरत नाही. ताडगुळाच्या या कामात पुढे मगनवाडीच्या गजानन नाईकांचं नाव झालं. चाखण्याचं शास्त्र म्हणाल तर इथेही आहे: एका रसाच्या आयुष्यातला कुठला तास गोड, हे जिभेने ओळखणं.

दुसरा थांबा 1975. वर्धा जिल्हा कोरडा होतो. पुढे 1993 मध्ये गडचिरोली, 2015 मध्ये चंद्रपूर, आणि चंद्रपूरची बंदी 2021 मध्ये उठते. वर्ध्याची उठलेली नाही. तुम्ही म्हणाल, मग रोज पेपरात पोलिसांच्या 'वॉश आऊट' मोहिमेची बातमी येते ती कसली? इतके लिटर मोह सडवा नष्ट, इतके ड्रम फोडले. खरं आहे, बंदी आहे आणि भट्टीही आहे. तरीही या जिल्ह्यात नवऱ्याच्या हातातली मजुरी घरापर्यंत पोचावी म्हणून ज्या बायका गुत्त्यांसमोर उभ्या राहिल्या, त्यांच्यापुढे मी माझ्या चवीची बाजू मांडणार नाही. 1892 चा कायदा महसुलासाठी होता. वर्ध्याचा निर्णय घरं वाचवण्यासाठी होता. दोन्हींना एकाच मापाने मोजणं चूक.

म्हणून पेले वर्ध्यात मांडायचे नाहीत. गाडी धरा, सेलू, सिंदी, बुटीबोरी, नागपूर. परवाना खिशात असू द्या. जुन्या मित्राच्या घरी टेबलावर पाच पेले आहेत, ट्यूलिपच्या कळीसारखे, तोंडाशी निमुळते. बर्फ नाही. शेजारी साधं पाणी आणि एक चमचा. प्रत्येकात चहाच्या दोन चमच्यांएवढंच. नाक पेल्यात खुपसू नका, तोंड जरा उघडं ठेवून वास घ्या, नाहीतर नुसता ठसका लागेल.

पहिला हायलंड पार्क, बारा वर्षांचा, उत्तरेच्या ऑर्कनी बेटावरचा. तिथल्या पीटमध्ये हेदर नावाचं रानझुडूप जास्त आणि समुद्र कमी, म्हणून धूर फुलांचा. होळीच्या दुसऱ्या सकाळी राखेजवळून गेल्यासारखा. मध आहे, आणि आर्वी-कारंज्याच्या बागेत वाळत पडलेली संत्र्याची साल स्पष्ट आहे. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. पण धुराच्या शोधात निघालेल्याची तहान याने भागत नाही.

दुसरा बोमोर, पंधरा वर्षांचा. बारा वर्षं बहुतेक अमेरिकन ओकमध्ये, शेवटची तीन ओलोरोसोच्या पिंपात. याचा रंगच तांबडा. वास घेताच मनुका, कोको, खारीक. धूर कुठे आहे म्हणून शोधावं लागतं, आणि मग तो सापडतो, रोडग्याच्या खालच्या करपलेल्या पापुद्र्यात असतो तसा, खाताना नाही तर खाऊन झाल्यावर. शेरी इथे पुढे बसलीय, धूर पाठीमागे. सभ्य पेय. पाचांत सगळ्यात समतोल हाच, आणि तरीही माझं मन इथे ठरत नाही, कारण दोन्ही चवी एकमेकींना वाट देतात, भिडत नाहीत.

तिसरा लॅगावूलिन डिस्टिलर्स एडिशन. नेहमीची सोळा वर्षांची लॅगावूलिन म्हणजे धूर, मीठ आणि काळा चहा. ही तिचीच बहीण, शेवटचा मुक्काम पेद्रो हिमेनेझच्या पिंपात. काकवी आलीय, अंजीर आलंय. पहिला घोट फार सुखाचा. तिसऱ्या घोटाला मात्र गोडवा धुरावर साय धरतो. ज्या घराण्याच्या हातात एवढा देखणा धूर आहे त्याने तो झाकू नये, असं मला वाटतं. साधी सोळा वर्षांची घ्या, तिच्यातही शेरीच्या पिंपांचा थोडा अंश असतोच.

चौथा लफ्रॉइग, दहा वर्षांचा, शेरी ओकमध्ये शेवट केलेला, 48 टक्के. लफ्रॉइगचा धूर म्हणजे शाळेत गुडघा फुटल्यावर लावलेलं टिंक्चर आयोडीन. समुद्री शेवाळ आणि डांबर. त्याला मनुकांचा शिरा वाढलाय. काहींना हे भांडण आवडतं. मला दवाखान्यात भेटायला आलेल्या पाहुण्याने आणलेली मिठाई आठवली.

पाचवा आर्डबेग ऊगाडाल. नाव ज्या तळ्याचं पाणी वापरतात त्याचं, अल्कोहोल 54.2 टक्के, वय बाटलीवर लिहिलेलं नाही. बोर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या आणि शेरीच्या पिंपांतली व्हिस्की एकत्र केलेली. पहिला वास कठीण, नाक मागे घ्यावंसं वाटतं. अर्धा चमचा पाणी घाला. थांबा. दोन मिनिटं बोलू नका.

आता घ्या.

जळलेला पाचोळा. त्यावर जड, ओलसर, किंचित उग्र गोडवा. खारीक, काकवी, मागून चिंच. तुमचा हात पेल्यावर तसाच थांबतो. कंदील हलतो, टोपली टेकते, कुणीतरी पाय जपून टाकायला सांगतं. धूर आणि मनुका इथे एकमेकांना वाट देत नाहीत, झाकतही नाहीत, राखेवर पडलेल्या फुलासारखे एकाच जागी आहेत. पाचांत पहिला हा. माझा निकाल पक्का आहे आणि तो आर्वीच्या पलीकडच्या त्या झाडाखालीच ठरला होता.

ज्या ठाणे जिल्ह्यासाठी 1892 चा कायदा झाला, त्यातलं डहाणू आज पालघर जिल्ह्यात येतं. तिथल्या साउथ सीज डिस्टिलरीतून आता 'धुआ' नावाची धुरकट सिंगल माल्ट निघते आणि त्याच घरातून मोहाच्या फुलांची दारूही, रीतसर परवान्याने, सुबक बाटलीत. मला याचा आनंद आहे. ती बाटली घेणाऱ्याने फूल कुणी वेचलं आणि तिला किलोमागे काय मिळालं, एवढं मात्र विचारावं.

पेले इथेच ठेवा. शेवटच्या गाडीने वर्ध्याला परत या, हात रिकामे घेऊन. मार्चच्या अखेरीला मोह पडायला लागतो. पहाटे साडेचारला झाडाखाली पोचा, फुलं सकाळी लवकरच वेचून होतात. एखादी बाई फूल देईल, ते तोंडात टाका. आणि पाय जपून टाका.